मुलीला घोड्यांचं वेड लागलंय, नुसत्या फेरीपलीकडे काय करता येईल?

सईची_आई: लेक ७ वर्षांची, दिवसरात्र घोडा घोडा चालू असतं. बागेत दोनदा फेरी मारून आणली, ५ मिनिटांत खाली, पैसे गेले आणि हिला कळलं काय तर घोडा उंच असतो 😅 रायडिंग क्लास आत्ता झेपणारा नाही. हाताने काही करून शिकता येईल असं सुचवा ना.

पागेवाला: ताई, पाठीवर बसून घोडा कळतच नाही, खाली उभं राहून कळतो. माथेरानला वगैरे गेलात की सकाळी लवकर घोडेवाल्या दादांना विचारा, खरारा करू देतील का, म्हणजे ब्रशने त्याचं अंग घासू देतील का. मानेकडून मागे, केसांच्या दिशेने, आणि लक्ष कानांकडे. कान मागे चपटे झाले की हात काढायचा. अगदी मागून कधी जायचं नाही, तिथलं त्याला दिसत नाही, नाकासमोरचंही दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जायचं. गाजर द्यायचं तर तळहात सपाट, नाहीतर बोटं जातील. आणि विचारल्याशिवाय काही खाऊ घालू नका, घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं बाधलं तर जिवावर बेततं. नालबंद, म्हणजे नाल ठोकणारा, आला असेल तर सोडू नका, खुरात खिळे ठोकताना बघून माझा भाचा रडायलाच लागला, मग त्याला नख कापून दाखवलं, खूर पण त्याच केराटिनचं.

मंजिरी_क: घरी करण्यासारखं सांगते. घोड्याची उंची हातात मोजतात, १ हात म्हणजे ४ इंच, आणि डोक्यापर्यंत नाही तर मान संपते तिथल्या उंचवट्यापर्यंत. भिंतीवर १४ हातांची रेघ मारा, ४ फूट ८ इंच होते. दुसरं, नारळाच्या दोन करवंट्या. साध्या चालीला चार ठोके, दुडकीला, म्हणजे हलक्या धावेला, दोन. दोनच का, ते कळायला दोन मुलं मागेपुढे उभी करा, मागच्याने पुढच्याची कंबर धरायची, पुढच्याचा डावा आणि मागच्याचा उजवा पाय एकदम. आमच्याकडे दोघं तीनदा आपटली, पण डोक्यात पक्कं बसलं.

खानदेशी: डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याला या, तापीकाठी घोडेबाजार भरतो. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं), अबलख (पांढरे नि गडद पट्टे असलेला) सगळं एका जागी दिसतं. फक्त पोरीचा हात सोडू नका, गर्दी असते.

सईची_आई: रेघ मारली, माझ्या हनुवटीच्या जरा खाली आली. करवंट्या दिल्या ती चूक झाली, खालच्या मजल्यावरच्या काकू आत्ताच येऊन गेल्या.