पोपोव्हाच्या नेपथ्यातलं फिरतं चाक एकांकिकेत कसं बसवावं?

नेपथ्यवेडा
बेल्जियन नाटककार क्रोमेलिंकच्या नाटकासाठी ल्युबोव पोपोव्हाने १९२२ मध्ये मॉस्कोत रंगमंचावर उभारलेल्या गिरणीच्या सेटवरून एका एकांकिकेचं नेपथ्य करतोय. दोन लेव्हल (उंच चौथरे), जिना, घसरगुंडी, मागे चार फुटी काळं चाक. चाक कधी फिरवायचं? आणि नट उड्या मारताना लेव्हल हलू नये म्हणून काय करावं?

काळापडदा
चाक शोभेचं नाही. नाटकाचा नायक ब्रुनो याचा बायकोवरचा संशय भडकला की पोपोव्हाच्या सेटवरची चाकं फिरत आणि आवेगाप्रमाणे वेगही बदले. म्हणून प्रकाशाच्या क्यूसारखे (बदलाच्या इशाऱ्यांसारखे) चाकाचे क्यू संहितेत लिहा. सतत फिरतं ठेवलंत तर नजर सरावते आणि परिणाम मरतो.

रंग मात्र बदला. त्या प्रयोगाचा दिग्दर्शक मेयरहोल्डने पडदा, विंगा काढून मागची विटांची भिंत उघडी ठेवली होती, म्हणून तिथे काळं चाक दिसलं. आपल्या काळ्या पडद्यासमोर ते गडप होईल. लाल करा, नाहीतर कडेला दोन इंची पांढरा पट्टा द्या. त्या चाकावर क्रोमेलिंकच्या नावातली व्यंजनं पांढऱ्या रोमन अक्षरांत होती. तुम्हीही अक्षरं घालणार असाल तर ती वाचता येतील इतका वेग कमी ठेवा.

तिरका
चाक १२ मिमी प्लायचं, शाफ्ट एक इंची, बेअरिंग चाकाच्या दोन्ही बाजूंना. एकाच बाजूने धरलेलं चाक डुगडुगतं. बसवल्यावर हलकेच फिरवून सोडा. दरवेळी तीच बाजू खाली येत असेल तर ती जड आहे. विरुद्ध बाजूच्या कडेला मागून लोखंडी पट्टी लावून तोल साधा.

लेव्हलला नुसते खिळे नकोत, उड्यांनी ते ढिले होतात. १० मिमी बोल्ट आणि वॉशर वापरा, १९ मिमी प्लायखाली दर दीड फुटाला आडवी पट्टी द्या. चारही बाजूंना तिरके (पायांना तिरपे जोडणारे आधार) हवेतच. उभे पाय वजन पेलतात, पण नट धावत येऊन थांबला की आडवा धक्का बसतो आणि तिरक्यांशिवाय चौकट झुकते. घसरगुंडीचे शेवटचे दोन फूट जवळजवळ सपाट ठेवा.

काळापडदा
पोपोव्हा मूळची चित्रकार. तिच्या कॅनव्हासवर रंगीत पातळ्या एकमेकींना छेदतात. रंगमंचावर तेच काम जिने, फळ्या आणि चाकं करतात. त्यामुळे समोरून दिसणारी आकृती फार महत्त्वाची. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून फोटो काढून पाहा: जिना आणि चाक एकमेकांत मिसळून नुसता गठ्ठा दिसत असेल तर चाक फूटभर बाजूला सरकवा. तिथे नटांना निळे कामगारी कपडे होते, त्यामुळे शरीराची प्रत्येक हालचाल त्या सांगाड्यावर स्पष्ट उमटायची. तुमचेही कपडे एकरंगी ठेवा.

नेपथ्यवेडा
तालमीला सेट मिळणार नाही. जमिनीवर टेपने आखून चालेल?

तिरका
लेव्हलच्या जागेपुरतं चालेल. जिन्याला नाही. पायरीची उंची सात इंच ठरली असेल तर तालमीतही सात इंचांचेच ठोकळे घ्या. इंचभर फरक पडला तरी धावता नट प्रयोगात अडखळतो.