जुने गेम रुंद मॉनिटरवर फताडे दिसतात, मूळ आकारात कसे आणायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपला एचडीएमआयने २४ इंची मॉनिटर जोडला आहे (१९२०×१०८०, विंडोज १०). त्यावर जुना कुठलाही गेम लावला की चित्र आडवं ताणलं जातं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवते, त्यातला राजपुत्र बुटका आणि रुंद दिसतो. ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’मधले घोडे लांबुडके होतात. ‘व्हाइस सिटी’त कोपऱ्यातलं गोल रडार अंड्यासारखं दिसतं.

घरचे म्हणतात, पडदा भरतोय ना, मग झालं! पण मला ते बघवत नाही. मी नौपाड्यात चित्रकलेचे वर्ग घेते. ‘प्रिन्स’ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली एकेक चौकट गिरवून काढल्या. १९८९चा गेम आहे, पण कठड्याला लटकलेला राजपुत्र हातांवर अंग उचलून वर येतो तेव्हा शरीराचं वजन जाणवतं. वर्गातल्या मोठ्या मुलांना मला नेमकं तेच दाखवायचंय. प्रमाणच बिघडलं तर दाखवायचं काय?

मॉनिटरच्या मेनूत ‘आस्पेक्ट’ (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण राखणारा) हा पर्याय आहे, पण फिकट झालेला, निवडताच येत नाही. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ बदला असं सगळीकडे वाचलं, तर माझ्याकडे डिस्प्ले हा विभागच नाही, फक्त थ्रीडी सेटिंग्ज दिसतात. खिडकीत चालवलं की राजपुत्र ठीक वाटतो, पण चित्र अगदी लहान.

लॅमिंग्टन रोडवरून जुना १७ इंची चौकोनी मॉनिटर आणावा का, असंही मनात आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

—

ऐरोलीकर:

ताई, मॉनिटर आणायची घाई करू नका. १७ आणि १९ इंची चौकोनी एलसीडी बहुतेक १२८०×१०२४चे असतात, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण ५:४. तुमचे गेम ४:३चे. तिथेही चित्र थोडं उभं ताणलं जाईल.

मॉनिटरचा पर्याय फिकट दिसतो कारण त्याच्यापर्यंत १९२०×१०८०च पोचतंय. ताणायचं काम लॅपटॉप आधीच करून टाकतो, मॉनिटरला बदलायला काही उरत नाही.

—

जुना_पीसी (वाशी):

ऐरोलीकरांचं बरोबर आहे. पुढचं मी सांगतो.

तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत, इंटेल आणि एनव्हिडिया. अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये पडद्याची वायर इंटेलकडे जाते. एनव्हिडिया चित्र तयार करून इंटेलच्या हाती देतं, म्हणून त्याच्या पॅनेलमध्ये डिस्प्ले विभाग दिसत नाही. तुम्हाला बदल इंटेलमध्ये करायचाय.

आधी डेस्कटॉपचं रिझोल्यूशन ८००×६०० करा. हे महत्त्वाचं, कारण १९२०×१०८०वर असताना प्रमाण राखायचा पर्याय दिसतच नाही आणि लोक तिथेच हात टेकतात. मग इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर उघडा, डिस्प्लेमध्ये तुमचा मॉनिटर निवडा, ‘स्केल’मध्ये ‘मेंटेन आस्पेक्ट रेशो’ करा. नंतर रिझोल्यूशन परत मूळचं करून टाका. ४:३चं चित्र आता १४४०×१०८० जागेत बसेल आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतील. त्या पट्ट्या राहू द्या, त्या असायलाच हव्यात.

आता राजपुत्र. खिडकीत तो ठीक वाटतो म्हणालात, पण तिथेही तो रुंदच आहे. डॉसचा गेम ३२०×२००चा. हे प्रमाण १६:१० होतं, पण त्या काळचा मॉनिटर ४:३चा. त्या २०० ओळी पूर्ण काचेवर पसरायच्या, म्हणजे एकेक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. आजच्या पडद्यावर पिक्सेल चौरस आहेत, त्यामुळे नुसतं मोठं केलं तर माणूस २० टक्के रुंद होतो. ४:३ तुमच्या पूर्ण १६:९ पडद्यावर ताणलं तर ३३ टक्के. तुमच्यासारख्या चित्र शिकवणाऱ्या व्यक्तीला हा फरक नक्की खुपेल.

डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये रेंडर विभागात ‘आस्पेक्ट’ ट्रू करा (०.७४मध्ये ते मुळात फॉल्स असतं). एसडीएल विभागात ‘आउटपुट’ ओपनजीएल आणि ‘फुलरिझोल्यूशन’ डेस्कटॉप. कडा किंचित मऊ दिसतील, कारण १०८० ओळींत २०० ओळी पूर्ण पटीत बसत नाहीत. १९२०×१२००चा मॉनिटर असता तर आडवे पाच पट आणि उभे सहा पट, काटेकोर बसलं असतं.

‘हिरोज ३’ इंटेलच्या बदलानंतरही ताणलेला राहिला तर सीएनसी-डीड्रॉ (जुन्या गेमचं चित्र नव्या विंडोजवर नीट दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर) वापरा. त्याची डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि सेटिंगमध्ये आस्पेक्ट रेशो राखायला सांगायचं. त्या गेमचा एचडी मॉडही (चाहत्यांनी केलेला बदल) आहे, पण तो नकाशाचा जास्त भाग दाखवतो आणि घोडे लहान दिसतात. मला स्वतःला ८००×६००च आवडतं.

—

ऐरोलीकर:

व्हाइस सिटीत फक्त रिझोल्यूशन १२८०×९६० निवडा, ते ४:३ आहे. पडदा भरूनच हवा असेल तर त्याचा वाइडस्क्रीन फिक्स मिळतो. त्यात बाजूचं दृश्य वाढतं आणि रडार गोल राहतं.

—

धागाकर्ती:

झालं! ८००×६०० केल्यावर तो पर्याय खरंच दिसायला लागला. पडद्याला फूटपट्टी लावून पाहिली: उंची ३० सेंमी, चित्राची रुंदी ४०. बरोबर ४:३. आणि राजपुत्र केवढा सडपातळ आहे! हात वर करून उडी मारतो तेव्हा कंबरेपासून बोटांपर्यंत सरळ रेघ दिसते, ती मला आजवर दिसलीच नव्हती. हिरोजला डीएलएल लागली नाही. दोघांचेही मनापासून आभार.

शेवटची शंका: वर्गात जुना प्रोजेक्टर आहे, १०२४×७६८चा. त्यावर काय करायचं?

—

जुना_पीसी (वाशी):

तो मुळातच ४:३चा आहे, काळ्या पट्ट्याही येणार नाहीत. फक्त विंडोज आणि पी दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा आणि रिझोल्यूशन १०२४×७६८ झालंय ना ते बघा. ‘डुप्लिकेट’ ठेवलंत तर लॅपटॉपच्या रुंद पडद्याचं माप तिकडे जाऊ शकतं.