झू शीच्या नावाने घोकंपट्टीचं बिल फाडू नका

निवांत: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, 'झू शीने चीनला सहाशे वर्षं घोकायला लावलं.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. झू शी म्हणजे बाराव्या शतकातला चिनी कन्फ्यूशियन विचारवंत. 'चार ग्रंथ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कन्फ्यूशियन पोथ्यांवरची त्याची भाष्यं सरकारी परीक्षेला लागली ती १३१३ च्या फर्मानाने, मंगोल अमलात. हा माणूस १२०० सालीच गेला, तेही दरबाराने त्याच्या शिकवणीवर 'खोटी विद्या' असा शिक्का मारलेला असताना. मेल्यावर अभ्यासक्रम लावला का त्याने?

कडूकारलं: १९०५ ला ती परीक्षा बंद होईपर्यंत पोरांनी घोकलं कुणाचं? त्याचंच ना? 'वस्तूंच्या मुळाशी जा' हा त्याचा उपदेश मनावर घेऊन वांग यांगमिंग हा नंतरच्या काळातला विचारवंत सात दिवस बांबूसमोर बसला. हाती काय लागलं? आजारपण.

निवांत: बांबूकडे टक लावून बसा असं कुठे म्हणालाय तो? ग्रंथ सावकाश, पुन्हा पुन्हा वाचा म्हणायचा.

कडूकारलं: पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे घोकणंच की हो! मी पेठेतल्या अभ्यासिकेत चार वर्षं हेच केलं. दोन मार्कांनी गेलो. उत्तरतालिकेतलं एक उत्तर चक्क चुकीचं होतं.

शेजारच्या काकू: हरकत घेतली होती का?

कडूकारलं: घेतली, पुराव्यासकट. फेटाळली.

शेजारच्या काकू: आमच्या भाच्याचंही तस्संच. वय गेलं, आता लग्नाला मुलगी मिळेना.

निवांत: काकू, इथे बाराव्या शतकाचं चाललंय.

शेजारच्या काकू: तुमची मुलं परदेशात असतील, तुम्हाला काय कळणार!

निवांत: माझी मुलं काढायचं काम नाही. मुद्द्याचं ऐका. ११७५ मध्ये गूस लेक या ठिकाणी लू जिउयुआन या दुसऱ्या विचारवंताशी झू शीचं कडाक्याचं वाजलं, एकमत झालंच नाही. तरी ११८१ मध्ये त्याच लूला त्याने आपल्या 'पांढऱ्या हरणाची गुहा' नावाच्या विद्यापीठात व्याख्यानाला बोलावलं. लूने हुद्द्यासाठी, पगारासाठी परीक्षा देणाऱ्यांनाच झोडपलं. काही श्रोते रडले. झू शीने ते भाषण दगडावर कोरून घेतलं. घोकंपट्टीवाला असं करेल?

शेजारच्या काकू: दगडावर? भाच्याला सांगते.

कडूकारलं: बरं बाबा, तुमचा झू शी निर्दोष. पण तो दगडही पुढे पोरांना पाठ करायला लावला असणार, लिहून देतो.