बेअरिंग नवीन, तरी मागचं चाक गुरगुरतंय: दोष बेअरिंगचा की बसवणाऱ्याचा?

कृष्णाकाठ, सांगली

माझ्या दीडशे सीसी गाडीचं मागचं चाक डगडगायला लागलं म्हणून चाकातली दोन आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) हबमधलं, म्हणजे मधल्या गाभ्यातलं, एक, अशी तिन्ही बेअरिंग इथल्याच एका गॅरेजमध्ये बदलून घेतली. जुनं सामान त्यांनी पिशवीत बांधून दिलं, ते मी घरी कोपऱ्यात ठेवलं. पाच आठवड्यांत गुरगुर सुरू. पिशवी उघडली तर जुन्या बेअरिंगांच्या खाली बोटभर लांबीचा गंजलेला पाईप. भंगार नव्हतं ते. दोन बेअरिंगांच्या मधला डिस्टन्स पाईप होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक्सलचा नट आवळला की सगळा दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगांवर येतो. मधला पाईप तो दाब या रिंगेवरून त्या रिंगेवर नेतो. पाईप नसेल तर दोन्ही रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या खाचेच्या मधोमध न फिरता कडेला घासतात. नवंकोरं बेअरिंगही मग टिकत नाही.

गाडी जोडताना मी तिथंच उभा होतो. नट आवळला की चाक जड, ढिला केला की मोकळं. काम करणाऱ्या पोराने नट अर्धा आटा मागे घेतला आणि "चालवून चालवून बसेल" म्हणाला. आटा मागे घेतलेल्या एक्सलवर मी पाच आठवडे बायकोला मागे बसवून फिरलो.

माझं मत स्पष्ट आहे. बेअरिंग बदलणं हे निम्मं काम, खरं काम परत बसवण्यात आहे, आणि ते हातोडी आणि अंदाजावर सोडू नये. हब गरम करून किंवा प्रेसवर बेअरिंग बसवावं, नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्याने) आवळावा, चेनची ढील पट्टीने मोजावी. जे गॅरेज हे करत नाही, त्याला मागच्या चाकाचं काम देऊ नये.

मिरजेचा पाना

दादा, तुमच्या गाडीचं झालं ते वाईटच. पण तुम्ही हातोडीला शिक्षा देताय आणि गुन्हा केलाय पाईप विसरणाऱ्याने. टॉर्क पाना असता तरी पाईप पिशवीतच राहिला असता की! बरोबर आकड्याला आवळून बेअरिंग आणखी लवकर गेलं असतं.

बावीस वर्षं हेच काम करतोय. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग नव्यावर ठेवायची, गोल गोल फिरत हलक्या हाताने ठोकायचं. बेअरिंग तळाला टेकलं की आवाज बदलतो, 'टक'चा 'ठण्ण' होतो. कानाला कळतं ते. हब गरम करा म्हणणं सोपं आहे. गॅस टॉर्चची ज्योत मारली की हबचा रंग जातो, मग गिऱ्हाईक भांडायला येतं.

दुसरी बाजूही बघा. नवं बेअरिंग टाकायचं आणि हबमधली झटका शोषणारी रबरं जुनीच ठेवायची, चेनसेट जुनाच. रबरं दबलेली असली की गिअर टाकला की स्प्रॉकेट झटका खातं, आणि तो झटका त्या तिसऱ्या बेअरिंगवर जातो. "आत्ता नको, पुढच्या वेळी बघू" हे वाक्य मी रोज ऐकतो.

सातारा टर्नर

मी औद्योगिक वसाहतीत लेथवर आहे, प्रेस फिट हेच आमचं रोजचं. मिरजकर, गरम करायला ज्योत कोण सांगतंय? रबरं आणि सील काढलेला हब घरच्या ओव्हनमध्ये १०० अंशांपर्यंत ठेवा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४७ मिलिमीटरचं भोक ८० अंशांनी तापलं की साधारण आठ शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ६२०४ नंबरचं बेअरिंग बाहेरून बरोबर ४७ आहे. ते हाताने आत जातं, ठोकायची पाळीच येत नाही.

ओव्हन नसेल तर आटेवाली सळई, दोन नट आणि जाड वॉशर घ्या. वॉशर बाहेरच्या रिंगेवरच टेकला पाहिजे. पाना फिरवत ओढून घ्या.

तुमचा कान मी मानतो, पण त्या कानामागे बावीस वर्षं आहेत. तुमच्या हाताखालच्या पोराने एक ठोका आतल्या रिंगेवर मारला तर गोळीचा ठसा खाचेत उमटतो. बेअरिंग बोटाने फिरवून बघा, कच कच लागेल.

मिरजेचा पाना

आतल्या रिंगेवर ठोकणाऱ्याला मीही हाकलीन. तुमची सळईची गोष्ट पटली, करून बघतो. पण जुन्या बुलेटचा मागचा ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा), स्प्रॉकेट त्यातच ओतलेलं. बीड ॲल्युमिनियमएवढं फुलत नाही. तिथं तुमच्या ओव्हनचा फायदा निम्माच.

सातारा टर्नर

बिडाचं बरोबर. निम्मा फायदा तरी घ्याच. आणि अंदाज कुठं चालत नाही ते शाफ्टवाल्या गाड्यांत बघा. तिथं चेन नाही, मागच्या चाकाजवळ गिअरची पेटी. तिच्यातलं मोठं बेअरिंग बदललं की मोजून नवी शिम (पातळ चकती) घालावी लागते, कारण दोन बेअरिंगांच्या जाडीत शतांशांचा फरक असतो. जुनी शिम तशीच ठेवली तर दाब कमी तरी पडतो, जास्त तरी. चेनच्या गाडीत हा फरक पाईप आणि चेनचा ढिलेपणा पोटात घेतो, म्हणून आपलं निभावतं.

दूधवाला, तासगाव

पट्टीने चेन मोजा म्हणता, पण कशी? माझ्या गाडीवर रोज चाळीस लिटरचे दोन कॅन असतात. रिकाम्या गाडीला २५ मिलिमीटर ढिली ठेवलेली चेन कॅन अडकवल्यावर तारेसारखी ताणते. माझं एक बेअरिंग त्यातच गेलं. मी ढिलीच ठेवतो, खडखड झाली तरी चालेल.

कृष्णाकाठ, सांगली

भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, कारणही सांगतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा (मागचं चाक धरून वर-खाली होणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणते. वजनाने चिमटा त्या रेषेकडे येतो. कंपनीचा आकडा साध्या वापराला पुरतो. तुम्ही दोन माणसं बसवून, चाक फिरवून, चेन जिथं सगळ्यात घट्ट होते तिथं मोजा. तिथं थोडी ढील उरली पाहिजे. पण फार ढिली ठेवलीत तर ती दातांवरून उडेल, आणि भरल्या कॅनसकट चाक जाम होईल.

एक वाचक, कवठेमहांकाळ

ब्रेक प्लेटला जागेवर धरून ठेवणारी पट्टी परत बोल्ट केली का, हे कुणीच लिहिलं नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीत ती राहिली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते. आणि चेनच्या लॉकचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं.

कृष्णाकाठ, सांगली

खरंय, माझ्याकडून राहिलं. धन्यवाद.

हरिपूर रोड

२०१९ च्या पुरात आमची गाडी तीन दिवस पाण्याखाली होती. बेअरिंग तेव्हाच बदलली. आता परत आवाज येतोय. पाईपची टोकं गंजून खडबडीत झालीत, कानशीने सपाट करून परत घातला तर चालेल का?

मिरजेचा पाना

नको, ताई/दादा, कानस अजिबात नको. पुरानंतर माझ्याकडे अशा गाड्यांची रांग लागली होती. बेअरिंगचं रबर शिंतोड्यापुरतं असतं, बुडवून ठेवायला नाही. गाळ हबच्या पोकळीत राहतो आणि नव्या बेअरिंगमध्ये शिरतो. आधी हब आतून डिझेलने धुवून पुसून घ्या. पाईप कानसला की तेवढा आखूड होतो, आणि अर्धा मिलिमीटर आखूड पाईपने तेच होईल जे कृष्णाकाठच्या गाडीला पाईप नसताना झालं. नवा पाईप घ्या. मिळाला नाही तर साताऱ्याच्या साहेबांना मूळ लांबी कळवा, ते लेथवर काढून देतील.

सातारा टर्नर

देतो की. पण लांबी जुन्या गंजलेल्या पाईपवरून घेऊ नका. हबमधल्या, बेअरिंग जिथं टेकतात त्या दोन्ही बैठकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून पाठवा. पाईप त्याहून केसभर जास्त ठेवायचा, कमी कधीच नाही.