सतरा-अठराव्या वर्षी कॅन्सर : तेव्हा सोबत कोण होतं?

सई_नाशिककर :
काल भाच्याचं बारावीचं हॉलतिकीट आलं आणि मला एकदम 2012 आठवलं. माझ्या धाकट्या भावाचं हॉलतिकीट आलं तेव्हा तो परळला, टाटात होता. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, डाव्या गुडघ्याच्या वर. वय 17. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतीवर ससे-हत्ती, शेजारच्या पलंगावर चार वर्षांचं पोर. मिसरूड फुटलेला आमचा दादू तिथे कुणाशी बोलणार? आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. आईशीही बोलेना.

मग एका दुपारी 'उगम'चा एक मुलगा आला. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांचा हा गट, इंडियन कॅन्सर सोसायटीने 2009 मध्ये सुरू केलेला. त्याने स्टूल ओढलं आणि काही न बोलता पँटचा पाय वर गुंडाळला. मांडीपासून नडगीपर्यंत शिवण. म्हणाला, "आत धातूचा सांधा आहे. पळत जाऊन लोकल पकडत नाही, बाकी सगळं करतो." दादूने त्या व्रणावरून हळूच बोट फिरवलं. आठवड्यातलं पहिलं वाक्य : "बाईक चालवता येते?" आई बाहेर जाऊन रडून आली. त्या रात्री दादूने दोन वाट्या भात खाल्ला.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर लिहा ना. या वयाच्या मुलांना कशाचा आधार वाटला?

अनघा_पी :
सई, आम्हीपण 2012लाच दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत होतो!! माझा भाऊ 20चा. तुम्ही कुठे उतरला होतात? आमच्या शेजारी लातूरच्या एक मावशी होत्या, केमोहून कुणीही आलं की लिंबाच्या लोणच्याची फोड हातावर ठेवायच्या. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

मिलिंद_जळगाव :
हॉजकिन्स (लसिका ग्रंथींचा कॅन्सर), 19व्या वर्षी. केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी बाबांना केबिनमध्ये घेतलं, मी बाहेर बाकावर. आजार माझा, वय मतदानाचं, आणि माझ्याशी कुणी बोलेना. याचा राग अजून आहे. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, आधी वीर्य गोठवून ठेवता येतं, हे मला तिथल्या समाजसेविका ताईंनी सांगितलं. दार लावून, समोर बसून, दहा मिनिटांत. उपचार सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नव्हता. ज्यांच्या घरी मोठी मुलं-मुली आहेत त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा, लाजू नका. मुलींसाठीही स्त्रीबीज गोठवण्याची सोय असते.

सुहास_आजोबा :
मिलिंद, बाळा, छान केलंस लिहिलंस. जळगावात कुठे राहतोस? आमची लेक दिली आहे तिकडे.

अस्मिता_के :
15व्या वर्षी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), आता 29. स्थळं बघताना आई म्हणायची, सांगू नकोस. दोघांना सांगितलं, दोघांकडून 'पत्रिका जुळत नाही' आलं. तिसऱ्याला पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत सांगून टाकलं. त्याने विचारलं, "मग आता दरवर्षी काय काय तपासतात?" टाटात उपचार संपलेल्यांसाठी 'अ‍ॅक्ट' क्लिनिक आहे, 1991 पासून. तिथे माझा इकोही (हृदयाची सोनोग्राफी) होतो, कारण केमोतल्या लाल औषधाचा हृदयावर पुढे परिणाम होऊ शकतो. यंदा इकोच्या दिवशी तो रजा टाकून सोबत आला होता.

अनघा_पी :
अस्मिता!! लग्नाला बोलवायचं हं.

अस्मिता_के :
ताई, झालं की. दोन वर्षं झाली :)

लेस्टरची_वैशाली :
इकडे टीनएज कॅन्सर ट्रस्ट आहे. 1990 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात पहिला वेगळा वॉर्ड केला, आता 13 ते 24 वयाच्या मुलांसाठी ठिकठिकाणी आहेत. माझ्या नणंदेचा मुलगा होता तिथे. नर्स त्याला आधी विचारायची, मग आईला. आपल्याकडे असे वॉर्ड व्हायलाच हवेत.

रेखा_सातारा :
माझी लेक 2016 मध्ये गेली. 16 वर्षांची होती. शेवटच्या महिन्यात तिला नेलपॉलिश हवं होतं, आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, त्यामुळे चालत नाही असं सांगितलं होतं. एक स्वयंसेवक मुलगी यायची, तिच्याच वयाची वाटायची. ती सिस्टरांशी बोलली आणि एक बोट सोडून नऊ बोटं रंगवली. जांभळी. ती बाटली माझ्या कपाटात आहे. एवढंच लिहवतंय.

सई_नाशिककर :
रेखाताई. 🙏

मिलिंद_जळगाव :
🙏 काकू

वर्धेकर_आई :
पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी 17ची, सोमवारी परळला जायचं आहे. दोन दिवस नुसतं वाचतेय. रेल्वेची सवलत कशी मिळते?

सुहास_आजोबा :
ताई, हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याचा फॉर्म घ्या, तो तिकीट खिडकीवर दाखवायचा. स्लीपर आणि थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण सूट, सोबतच्या एकाला 75 टक्के. पत्नीच्या वेळी मी हेच करायचो.

सई_नाशिककर :
आणि सोशल वर्करना पहिल्याच दिवशी भेटा. 'उगम'मधल्या कुणाशी भेट घालून द्या म्हणा. जमलं तर मुलीला एकटीला बोलू द्या त्यांच्याशी.

वर्धेकर_आई :
हो. छोटा कुकर नेऊ का?

अनघा_पी :
न्याच. तोंड आलं की मऊ भातच जातो, तिखट वेगळं बांधून घ्या तुमच्यासाठी. आणि लिंबाचं लोणचं. मी दादर पूर्वेला राहते आता, सोमवारी पोचल्यावर इथे लिहा, मी येते.