तापीकाठचं धाब्याचं घर, सासरे चालू शकत नाहीत; पावसाळ्याआधी काय करून ठेवू?

तापीकाठची सून

नमस्कार मंडळी. मी नोकरीमुळे जळगावात राहते. सासू-सासरे चोपडा तालुक्यात, तापीच्या काठच्या गावात. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मागे नंतर काढलेल्या दोन पत्र्याच्या खोल्या, त्यांना लागून गोठा. एक म्हैस, एक पारडू. सासऱ्यांना अडीच वर्षांपूर्वी लकवा झाला. वॉकर धरून संडासापर्यंत जातात, त्यापुढे नाही. सासूबाईंना साखर आहे, इन्सुलिन चालू आहे.

मागच्या श्रावणात रात्री साडेअकराला सासूबाईंचा फोन आला. हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेत, काठावरच्यांनी सावध राहा, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगत होते. इकडे जळगावात पावसाचा टिपूस नव्हता. मी विचारलं, मग आता काय करताय? त्या म्हणाल्या, "काय करू बाई, यास्ले उचलू का म्हैसले सोडू?" त्या रात्री पाणी वडाच्या ओट्याला लागलं आणि पहाटे उतरलं. आमचं घर ओट्यापासून साठ-सत्तर पावलांवर. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

नेटवरच्या याद्या वाचल्या. टॉर्च, शिट्टी, सुका खाऊ, तीन दिवसांचं पाणी. ते सगळं घेईनच. पण ज्यांच्या घरात खरंच पाणी शिरलंय, पत्रे उडालेत, त्यांच्याकडून ऐकायचंय. आता मे संपत आलाय. मृगाच्या आत काय काय उरकू?

डोंगरीकाठचा दुकानदार, चाळीसगाव

ताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

३१ ऑगस्ट २०२१. आदल्या रात्री पाऊस कोसळला तो वर डोंगरात. कन्नड घाटात दरडी आल्या, रस्ता बंद झाला, आणि तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम गावात शिरल्या. आम्ही झोपेत होतो. समोरच्या घरातून आवाज आला, "ऊठ भाऊ, पानी उनं!" पाय खाली टाकला तर घोट्याएवढं पाणी. चपला तरंगत होत्या. मी पहिलं काम काय केलं, तर दुकानातल्या साखरेच्या गोण्या उचलायला धावलो. तिथेच चुकलो. चार गोण्या वर ठेवेपर्यंत पाणी मांडीला आलं. आई आतल्या खोलीत होती, आणि त्या खोलीचं दार बाहेरच्या अंगाला उघडायचं. पाण्याचा दाब इतका, की दोघांनी ओढलं तरी हलेना. शेवटी वरची झडप फोडून तिला काढलं. तिला काही झालं नाही, पण त्या दारामागून येणारी तिची हाक मी विसरू शकत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पाणी उंबऱ्याला लागायची वाट पाहू नका. तुमच्याकडे वडाचा ओटा आहे, तीच तुमची खूण. पाणी ओट्याच्या खालच्या पायरीला लागलं की बाबा निघाले. त्या वेळी "थोडं थांबून बघू" असं कोणी म्हणायचं नाही, हे आत्ता, सगळे शुद्धीत असताना, ठरवून टाका.

दुसरं, कोणी काय करायचं ते नावानिशी ठरवा. बाबांना कोण उचलणार, मेन स्विच कोण पाडणार, दावं कोण सोडणार. मेन स्विच अंग कोरडं असताना, जमीन कोरडी असतानाच पाडायचा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही. आणि जनावरं बांधलेली राहिली तर उभ्या जागी जातात. दावं सुटलं तर म्हैस पोहते. आमच्या गल्लीमागच्या गोठ्यात त्या सकाळी जे पाहिलं ते इथे लिहवत नाही.

कागदपत्रांचं. सातबारा, आधार पुन्हा मिळतात, हेलपाटे पडतात एवढंच. पण आईची दवाखान्याची फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, तिचा लगदा झाला. कोणती गोळी, किती पॉवरची, सगळं आठवून सांगावं लागलं. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असू द्या. फाईल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून खुंटीला, छातीच्या वर.

घराचे, गोठ्याचे, म्हशीचे फोटो आत्ताच काढून ठेवा. पाणी उतरल्यावर आधी गाळाचे फोटो, मग झाडू. मी लाजेखातर घर आधी धुऊन काढलं, आणि पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला भिंतीवरची ओल तेवढी उरली होती. फ्रीज, मोटार वायरमनने बघितल्याशिवाय चालू करायची नाही.

काठावरचा केळीवाला

यावल तालुक्यातून लिहितोय, शेत तापीला लागून. दादांनी पुराचं सांगितलं, मी हतनूरचं सांगतो.

आपल्याकडे आभाळ कोरडं असलं तरी तापी येते, कारण ते पाणी आपल्या पावसाचं नसतंच. मुलताई-बऱ्हाणपूरकडून तापी आणि अकोला-बुलडाण्याकडून पूर्णा, दोघी चांगदेवला मिळतात आणि हतनूरला येतात. धरणाला ४१ दरवाजे. किती उघडले आणि किती क्युसेक सोडलं हे मोबाईलवर येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण नुसत्या आकड्यावरून तुमच्या दारात किती पाणी येईल ते कळत नाही. आम्ही पंपाच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवतो: अमुक आकडा सुटला, इतक्या तासांनी पाणी बाभळीला लागलं. चार-पाच पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा हिशोब तयार होतो. तुम्ही ओट्याच्या पायऱ्यांवर रंगाचे पट्टे मारा, या वर्षापासून वही ठेवा.

धाब्याकडे मात्र आजच बघा. पुरापेक्षा मला त्याची जास्त काळजी वाटते. झड लागली की माती पाणी पिते आणि सगळा भार सरांवर, म्हणजे छताच्या लाकडी तुळयांवर येतो. पन्हाळ मोकळे करा, छतावर खारी माती टाकून घ्या, सर भिंतीत शिरतो तिथे वाळवी आहे का ते टोकदार खिळा खुपसून पाहा. खिळा लोण्यासारखा आत गेला तर त्या सराखाली या पावसाळ्यात कोणी झोपायचं नाही. झडीनंतर ऊन पडलं की लोक निर्धास्त होतात, पण आमच्या गल्लीतली भिंत उन्हं पडल्यावरच बसली होती.

पत्र्यांवर दगड ठेवले असतील तर खाली काढा. मे-जूनच्या वावधनात केळीची बागच्या बाग आडवी होते, तिथे दगडाचं काय? पत्रा उडतो आणि दगड माणसाच्या डोक्यावर येतो. पत्रे हुकांनी आवळून घ्या. विजेसाठी मोबाईलवर दामिनी ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं आहे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर घरात जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाडाखाली तर मुळीच थांबू नका.

सिस्टर

ग्रामीण भागात नर्स आहे. ताई, पावसाळा पुढे आहे, पण पारा आत्ता ४४-४५ ला आहे आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त भाजतं. सासरे दुपारी कुठे झोपतात? पत्र्याखाली असतील तर आजच धाब्याखाली हलवा. लकव्याचा माणूस तहान लागली तरी सांगत नाही, मागून उठावं लागतं म्हणून मुद्दाम कमी पितो. दर तासाला पेला हातात द्या. लघवीच्या किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर उन्हाळ्यात किती द्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. अंग तापलंय, बोलणं असंबद्ध होतंय असं दिसलं तर ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत १०८ ला फोन.

लाईट गेली तर इन्सुलिन पिशवीत घट्ट बांधून माठात ठेवता येतं. पूर उतरल्यावर पाणी उकळूनच प्या; तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आणि साप: पाण्याने बिळं भरली की ते घरात, गोवऱ्यांत शिरतात. चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. सरळ दवाखाना.

तापीकाठची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावी गेलो होतो.

आधी बाजेवर उचलून पाहिलं. चौघांनी बाज उचलली, पण दाराच्या चौकटीतून ती निघेना, आणि तिरपी करावी तर बाबा घसरतात. तीच अडचण रात्री पाण्यात आली असती तर, या विचाराने अंगावर काटा आला. मग जुनी हातांची लाकडी खुर्ची घेतली, दोन्ही बाजूंना बांबू बांधले, सासूबाईंच्या नऊवारीने बाबांना छातीशी आवळलं. घर ते टेकाडावरची शाळा, बारा मिनिटं. मध्ये एकदा टेकवली.

खिळा एका सरात बोटभर आत गेला. ती खोली रिकामी केली, सुताराला सांगितलंय. ओट्याच्या तिन्ही पायऱ्यांना पट्टे मारले.

बाबा सगळं गप्प राहून करू देत होते. शाळेच्या ओसरीवर खुर्ची टेकवली तेव्हा म्हणाले, "आधी म्हैस सोडा, मंग माले उचला." सासूबाईंनी लगेच होकार दिला. तेव्हा दावं सोडायचं काम शेजारच्या पुतण्याकडे, मेन स्विच सासूबाईंकडे, खुर्ची चौघांकडे. फक्त त्या चौघांतले दोघे सुरतला कामाला जातात, श्रावणात गावात नसतात. त्यांच्या जागी दोघं शोधतेय.