पुढच्या दाताचा कोपरा उडाला, बाँडिंग करू की कॅप बसवू?

शिरपूरची_ताई
नमस्कार मंडळी. भाच्याला उचलून घेत होते आणि त्याने असं डोकं वर केलं ना, थेट माझ्या हनुवटीला, खालचे-वरचे दात एकमेकांवर आपटले आणि वरच्या पटाशीच्या दाताचा कोपरा उडाला. तिरका तुकडा गेलाय, तांदळाच्या दाण्याएवढा असेल. दुखत नाही, थंड पाणी लागलं की जराशी कळ येते, तेवढंच. पण मी क्लासेसमध्ये शिकवते, दिवसभर पोरांसमोर बोलायचं, आता तोंडावर हात ठेवायची सवयच लागून गेली.

एका डॉक्टरांनी सांगितलं बाँडिंग करू, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला चिकटवून कोपरा भरायचा, एका बैठकीत होईल, २,५०० रुपये. दुसरीकडे दाखवलं तर ते म्हणे बाँडिंग कशाला करता, सहा महिन्यात निघून जाईल, सरळ कॅप टाका, आणि तसंही तुमच्या पुढच्या दोन दातात फट आहेच तर दोन्हीला टाकू म्हणजे फटही जाईल. एक कॅप ७,००० म्हणजे १४,००० झाले. फट मला जन्मापासून आहे, तिचा मला कधी त्रास नव्हता पण आता त्यांनी म्हटल्यापासून आरशात तेवढीच दिसून राहिली.

आई म्हणते एकदाच काय ते पक्कं करून टाक. पप्पा म्हणतात दुखत नाही तर हातच लावू नको. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा ना, बाँडिंग खरंच टिकतं का? दुखतं का? चहाने पिवळं पडतं म्हणतात ते खरंय का? चहा सुटणार नाही माझ्याच्याने, आधीच सांगते.

केळीवाला_रावेर
ताई, टेन्शन लेऊ नको, बठ्ठं बेस व्हई जाई. माझा पण पुढचाच दात होता, गाडी घसरली होती, अर्ध्याला जरा कमी तुटलेला. बाँडिंग केलं, इंजेक्शन पण नाही दिलं. दाताला निळं जेल लावलं, धुतलं, मग काहीतरी लावून वाळवलं, मग तो मऊ मसाला थोडा थोडा लावायचा आणि निळ्या लाईटची बंदूक धरायची, परत थोडा लावायचा परत लाईट. शेवटी घासून घासून आकार दिला. पाऊण तासात उठलो. तेव्हा दोन हजार लागले होते.

टिकायचं म्हणाल तर अजून आहे. मध्ये बिबडा (ज्वारीचा पापड) खाताना कडेची कपची निघाली, डॉक्टरांनी तेवढ्याच जागी नवीन भरून दिलं, अख्खं काढायची गरज पडली नाही. पिवळं पडतं हे मात्र खरं. माझा चहा पण आहे आणि (घरी सांगू नका) कधीमधी पुडी पण असते, तर जिथे मसाला आणि दात जुळतात तिथे तपकिरी रेघ येते. डॉक्टर पॉलिश करून देतात, मग बरं दिसतं. जवळ येऊन कोणी बघितलं तर कळतं, फोटोत नाही कळत.

खापरपोळी
सगळ्यांचं असं गोड होत नाही हो भाऊ. माझ्या जावेचं दोनदा निघालं. पैसे दोन्ही वेळा गेले. नंतर तिसऱ्या डॉक्टरांनी नीट बघितलं तेव्हा कळलं की तिचे खालचे दात वरच्या दातांच्या टोकाला टोक लागतात आणि रात्री झोपेत ती दात खाते, करकर आवाज दिराला ऐकू यायचा पण तो कशाला कोणाला सांगतो. मग आधी रात्री घालायचं ते प्लास्टिकचं गार्ड दिलं, टोकं थोडी सारखी केली आणि मग बाँडिंग केलं, ते राहिलं. तर ताई आधी तुमचा चावा कसा बसतो ते विचारा. नुसतं टिकतं की नाही टिकतं विचारून उपयोग नाही.

दातांचा_डॉक्टर_धुळे
धुळ्यात प्रॅक्टिस करतो. एक्स-रे न बघता इथून पक्का सल्ला देणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून थोडं मोकळं बोलतो.

धडधाकट दाताला नुसती फट घालवायला कॅप टाकायची म्हणजे तो दात चारी बाजूंनी एक-दीड मिलिमीटर घासायचा. पुढचा दात मुळात केवढा असतो? घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही, आणि एकदा कॅप केली की त्या दाताला जन्मभर कॅपच लागणार, ती जुनी झाली की बदला. दात खूप मोडलाय, रूट कॅनल झालंय, मागे मोठं फिलिंग आहे, अशा वेळी कॅपच योग्य असते, तिथे मी पण कॅपच सांगतो. कोपरा उडालेल्या जिवंत दाताला मी आधी बाँडिंगच करीन. उद्या नाहीच आवडलं तर व्हेनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) आहे, कॅप आहे, सगळे रस्ते उघडे राहतात. उलट्या बाजूने येता येत नाही.

आता ते चिकटतं कसं ते सांगतो, कारण निघून जातं का याचं उत्तर त्यातच आहे. निळं जेल म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिड, ३५ ते ३७ टक्क्यांचं. १५ ते ३० सेकंद ठेवून धुतलं की इनॅमलवर डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं पडतात. गिलावा करायच्या आधी गवंडी काँक्रीट टोचून खडबडीत करतो ना, तसंच. मग पातळ बाँडिंग एजंट त्या छिद्रांत शिरतो आणि लाईटने तिथेच घट्ट होतो, त्याच्यावर कॉम्पोझिटचे, म्हणजे त्या मऊ मसाल्याचे थर, एक थर जास्तीत जास्त दोन मिलिमीटरचा, प्रत्येकाला साधारण २० सेकंद लाईट. जाड थर एकदम टाकला तर आतून कच्चा राहतो. ही अ‍ॅसिडची युक्ती अमेरिकेतल्या मायकेल ब्युनोकोर नावाच्या डेंटिस्टने १९५५ मध्ये मांडली, कारखान्यात धातूवर रंग नीट धरावा म्हणून फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरायचे ते बघून त्याला सुचलं. आपण आज वापरतो त्या मसाल्याच्या मुळाशी असलेल्या रेझिनचं पेटंट राफेल बोवेनचं, १९६२ चं. म्हणजे ही काही कालची फॅशन नाही.

याचा मोठा शत्रू म्हणजे ओल. थुंकी लागली, हिरडीतून रक्त आलं की पकड गेली. म्हणून हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी क्लीनिंग करून घ्यायचं, आठ-दहा दिवस थांबायचं आणि मग बाँडिंग. ज्या डॉक्टरकडे रबर डॅम (दात कोरडा ठेवायचा रबरी पडदा) लावतात किंवा निदान कापसाचे बोळे सारखे बदलत दात कोरडा ठेवतात तिथे करा. सहा महिन्यात निघालेली बाँडिंग मी बघितलीत, त्यात बहुतेक वेळा एकतर ओल असते नाहीतर खापरपोळी ताईंनी सांगितलं तसा चावा. नीट केलेलं साधारण ३ ते १० वर्षं चालतं, मध्ये पॉलिश आणि डागडुजी धरून. चिनी मातीची व्हेनिअर याच्यापेक्षा जास्त चालते आणि डाग पण धरत नाही, पण खर्च बराच आणि थोडं तरी घासावं लागतं.

अजून एक, आणि हे दोन्ही डॉक्टरांनी केलं का तुम्ही लिहिलं नाही. मार लागलेल्या दाताचा एक्स-रे आणि थंड लावून तपासणी. तुटला तो कोपरा दिसतो, पण मूळ हललंय का, नस शाबूत आहे का ते आरशात दिसत नाही. कधीकधी नस काही महिन्यांनी मरते आणि दात करडा पडायला लागतो. तुम्हाला थंड लागतंय आणि लगेच जातंय हे चांगलं लक्षण आहे. कळ थांबून राहिली, गरमाने वाढली, रात्री ठणका लागला तर थांबू नका. आणि पप्पांचं हातच लावू नको हे इथे नाही चालणार, इनॅमलच्या आतला थर, डेंटिन, उघडा पडला असेल तर तो झाकावाच लागतो.

चाळीसगाव_मम्मी
डॉक्टर साहेब मध्येच विचारते, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, क्रिकेटमध्ये असाच तुटला तर तो तुकडा परत चिकटवता येतो म्हणे, खरं का?

दातांचा_डॉक्टर_धुळे
हो, येतो. तुकडा सापडला तर दुधात किंवा साध्या पाण्यात टाकून घेऊन या, कागदात गुंडाळून वाळवू नका, वाळला की पांढरा पडतो. याच बाँडिंगने तो बसवतात आणि रंगाचा प्रश्नच येत नाही कारण दात त्याचाच असतो. अख्खा दात मुळासकट बाहेर आला तर मात्र गोष्ट वेगळी, मुळाला हात लावायचा नाही, दुधात ठेवून पळायचं, एक-एक मिनिट महत्त्वाचं.

शिरपूरची_ताई
बापरे किती समजावून सांगितलं, धन्यवाद डॉक्टर. माझा तुकडा कुठे गेला देव जाणे, भाच्यानेच गिळला की काय. एक्स-रे पहिल्या डॉक्टरांनी काढला होता, नस ठीक आहे म्हणाले. दुसऱ्यांनी नुसता आरसा फिरवला आणि कॅपचं पॅकेज सांगितलं.

मग फटीचं काय करू? बाँडिंगने फट पण भरतात का? आणि दात मुळातच थोडे पिवळट आहेत, तर बाँडिंग आधी करू की दात पांढरे करून घेऊ?

दातांचा_डॉक्टर_धुळे
पांढरे करायचे असतील तर आधी. कॉम्पोझिट ब्लीच होत नाही, त्यामुळे नंतर ब्लीच केलं तर दात उजळतील आणि तो कोपरा पिवळा राहील. ब्लीचनंतर निदान दोन आठवडे थांबायचं, दातात ऑक्सिजन राहतो आणि तो पकड कमजोर करतो. शेड निवडताना खिडकीच्या उजेडात आणि काम सुरू व्हायच्या अगोदर निवडायला सांगा, दात कोरडा पडला की जास्त पांढरा दिसतो आणि मग शेड चुकते. लिपस्टिक लावून जाऊ नका.

फट भरता येते, दोन्ही दातांना थोडं थोडं कॉम्पोझिट लावून. एक-दोन मिलिमीटरपर्यंत छान दिसतं. त्यापेक्षा मोठी असेल तर दात फावड्यासारखे रुंद दिसतात, तिथे तारा किंवा अलायनर (दात सरकवायचे पारदर्शक साचे) बरे. पण खरं सांगू का, तुम्हाला आजवर त्रास नव्हता तर आधी कोपरा करा, फट नंतर बघा. खर्चाची अडचण असेल तर आमच्याकडे धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, विद्यार्थी सरांच्या देखरेखीत करतात, स्वस्तात होतं पण वेळ हाताशी ठेवून या.

खापरपोळी
आणि ती काळी कोळशाची पेस्ट वापरत असाल तर बंद करा हो ताई. जावेने तिनेच घासून घासून पॉलिश घालवलं होतं. आमच्या सासूबाईंची राखुंडी आणि मिशरी पण त्यातलीच, पण त्यांना कोण सांगणार.

शिरपूरची_ताई
ठरलं मग. पहिल्याच डॉक्टरांकडे जाते, आधी क्लीनिंग, ब्लीचचं बघते परवडतं का, नाहीतर आहे त्या रंगातच. रबर डॅम लावता का हे पण विचारते, चिडले तर चिडले. फट राहू देते. आईला कॅपचं घासणं किती ते सांगितलं तर तीच म्हणाली नको बाई.

केळीवाला_रावेर
मस्त. पहिले दोन दिवस चहा, हळदीचा रस्सा, झणझणीत शेवभाजी यांच्यापासून लांब राहा, नव्या मसाल्यावर डाग लवकर धरतो असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि ऊस पुढच्या दातांनी सोलायचा नाही आता कधीच, दाढेने पण नको, विळीने करा आणि गंडेऱ्या खा.